तुझ्या राखेवर कोणाचा कायदा चालतो

ये इकडं. अशी जवळ बैस, पाहुण्यासारखी दारात उभी राहू नको. मले तुले रागवायचं आहे, अन् दुरून रागवलं तर शेजारच्यायले ऐकू जाते. काहून व विशू, एवढी मोठी झाली होती का तू, की आजार आत्याले सांगायचा नाही? दर रविवारी फोनवर विचारत होते मी, खोकला कशाचा आहे? तू म्हणायची, इथली हवाच तशी आहे. हवा म्हणे! मरणाले हवा म्हणून खपवणारी वकील तू एकटीच पाह्यली मी.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं लोक सांगून राह्यले मले. विहारात तुझ्यासाठी सगळे जमले, वंदना झाली, अन् एकजण उठून म्हणाला, "आपल्या मेडशीचं नाव सातासमुद्रापार नेलं पोरीनं." त्याच माणसानं तू वावराचा विषय काढला तवा चौकात म्हटलं होतं, "पोरगी जास्त शिकली का अशी बापाच्या बोकांडी बसते." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. खाली मान घालायची सवयच आहे मले. पण आज नाही. आज तुले बोलणार, दादाले बोलणार, अन् सगळ्यात जास्त मले स्वतःले.

तुझी माय गेली तवा तू चार वर्षांची. माझ्या नवऱ्यानं दुसरी आणली होती अन् मी एक गाठोडं घेऊन दादाच्या दारात आले होते. त्यानं आत घेतलं. हे त्याचं खरं, ते मी नाकारत नाही. तुले वाढवायले बाई पाहिजे होती, मले छप्पर पाहिजे होतं. तुले पाटीवर अक्षरं काढायले बसवलं की मीही बाजूले बसायचे. तू ऐटीत म्हणायची, "आत्या, तुहा अ लोळून राह्यला, उभा कर त्याले." तुझ्या पाटीवर शिकले मी. तू शाळा बदलत गेली अन् मी तुझी जुनी पुस्तकं वाचत गेले, चुलीपाशी, तुरीच्या ढिगापाशी, जिथं बसले तिथं. आज हे जे लिहून राह्यले ते त्या पाटीचंच. तुझे उपकार आहेत. पण त्याच अक्षरानं मी काय केलं तेही तुले माहीत आहे.

ती हिवाळ्यातली दुपार आठवते का? तू तिकडून सुटीवर आली होती. ओट्यावर आपण दोघी घरच्या डाळीसाठी तूर निसून राह्यलो होतो. मी विचारलं, "पन तू तिकडं शिकवते तरी काय?"

तू म्हणाली, "सत्तावीस देश हायेत, आत्या. परतेकाचं आपलं कोर्ट, आपली घटना, आपले नखरे. अन् सगळ्यायच्या वरतून एक कायदा. त्याचं कोर्ट लक्झेंबर्गले."

"ते कुठी आलं?"

"आपल्या अर्ध्या वाशीम जिल्ह्याएवढा देश हाये तो."

"बाप्पा! एवढूसा देश, अन् एवढाल्या देशायवर हुकूम?"

"हुकूम नाई व. सगळ्यायनं मिळून लिहून देलं हाये. जेवढं लिहून देलं, तेवढ्यात वरचा कायदा मोठा. घरचा कायदा आड आला, त घरच्याच जजनं घरचा बाजूले ठेवाचा."

"अन् जे लिहून नाई देलं?"

"ते ज्याचं त्याच्यापाशी."

हे शेवटचं मी त्या दिवशी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मले मजा दुसऱ्याच गोष्टीची वाटली. तू सांगितलं, जर्मनीचं मोठं कोर्ट लय खमकं. त्यानं वरच्या कोर्टाले कळवलं, की जोवर तुमी लोकायचे हक्क आमच्यासारखे सांभाळता, तोवर आमी तुमचे कागद उघडून पाहत नाही. मी म्हटलं, "अवं ही त सून झाली! सासूले म्हनते, जोवर नीट वागसान तोवर तुमच्या किल्ल्यायले हात लावत नाई." तू एवढी हसली की सुपातली तूर ओटाभर झाली. म्हणाली, "हेच शिकवाले मी अख्खा महिना लावते अन् तू सुपात आटपवलं."

मग तू त्या माणसाची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कात जगाची मोठी पंचायत बसते, तिनं एका माणसाचं नाव वाईट लोकायच्या यादीत टाकलं. काहून टाकलं ते त्याले सांगितलं नाही, त्याचं म्हणणं विचारलं नाही. सगळे देश म्हणाले, जगाचाच हुकूम आहे, आपण काय करणार. तो माणूस लक्झेंबर्गच्या कोर्टात गेला. ते कोर्ट म्हणालं, जगाची पंचायत तिच्या जागी. पण तिचा हुकूम आमच्या घरात चालवायचा तर आमच्या घरच्या रीतीनं चालवा, अन् आमच्या घरी माणसाचं ऐकून घेतल्याबिगर त्याले शिक्षा देत नाहीत. मी तूर निसायची थांबले होते. मी म्हटलं, "ऐकून घेतलं त्यायनं? एवढ्यासाठी एवढं मोठं कोर्ट?" तू म्हणाली, "एवढ्यासाठीच असते व कोर्ट."

अन् तिथूनच तू माझ्यावर आली. मले वाटलं होतं गोष्टी सांगून राह्यली. तू वकिली करून राह्यली होती.

"तिकडं एक नियम हाये, आत्या. वरच्या कायद्यानं देलेला हक्क थेट मानसाच्या हातात येते. मधात त्याच्या सरकारनं दार लावलं तरी. तसंच तुहं हाये. आजोबाच्या वावरात तुहा हिस्सा कायद्यानं थेट तुहा. बाबानं देला म्हनून नाई, अन् बाबानं नाई म्हटल्यानं जात नाई. हक्कसोडवर सही करू नको."

दादानं तवा हक्कसोडचे कागद तयार करून ठेवले होते. आपल्याकडं कोणती बहीण सही करत नाही, सांग? बाप गेला की बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढते, अन् ते उतरवायलेच चढते. भाऊ साडी घेतो, बहीण मालेगावले, तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात जाते, फोटो काढते, सही करते, साडी नेसून घरी येते. जी सही करत नाही तिचं माहेर तुटते. हे कोण्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण याच्या वरचा कायदा मी तरी पाह्यला नाही.

मी तुले म्हटलं, "मले वावर नको, माहेर पायजे." तू म्हणाली, "माहेर सहीवर टिकते का?" मी म्हटलं, "टिकते. तुले नाई समजनार, तुले जायले दुनिया हाये." लागलं तुले ते. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

तू परत गेल्यावर मी सही केली. तुझ्या पाटीवर शिकलेल्या अक्षरानं केली, अंगठा नाही. ऑफिसातला बाबू म्हणाला, "आजीची सही झकास हाये." मले अभिमान वाटला बघ. अशी मूर्ख बाई.

पुढच्या खेपेले तू आली अन् तुले समजलं. अंगणात चार माणसं बसली असताना तू बापाले विचारलं, "बाबा, तिले कागद वाचून दाखवला होता का?" दादाचा चेहरा असा झाला जसा कोणी भर सभेत टोपी उडवली. तो म्हणाला, "या घरात माहा कायदा चालते. पटत नसन त एसटी उभी हाये. पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नको." तू त्याच्याकडं पाह्यलंच नाही. माझ्याकडं पाह्यलं. मी भाकर थापून राह्यले होते. तुझ्या बाजूनं बोलायचं ते सोड, गप्प राह्यले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, "जाय बाई. जोवर दादा जित्ता हाये तोवर येऊ नको."

तुझ्या डोळ्यात पाणी होतं अन् तू हसली. "आत्या, तू त जर्मनीचं कोर्ट झाली." पिशवी उचलली अन् फाट्याकडं चालायले लागली. तव्यावरची भाकर करपली, दादानं ती करपलेलीच खाल्ली.

त्या यादीतल्या माणसासाठी ज्या बाईचा जीव कळवळला, तिनं तुले न ऐकता यादीत टाकलं. हे मी तुले कधी म्हटलं नाही. फोनवर म्हणणार होते, पण फोनवर दादाची चाहूल लागली की मी "ठेवते व" म्हणायचे. तू विचारायची, "भिंतीपलीकडं हायेत का?" मी म्हणायचे, "भाजी लागून राह्यली." तुले पक्कं माहीत होतं की चुलीवर काही नाही.

पण तूही काही गाय नव्हती. एका रविवारी तू सहज बोलून गेली, की वर्गात माझी गोष्ट सांगितली. "एक बाई हाये, तिले कायद्यानं देलं अन् तिनं स्वतःच्या हातानं परत केलं, असं सांगतलं पोरायले." मी विचारलं, "मंग? हासले का?" तू म्हणाली, "नाई, लिहून घेतलं." अगं, हसले असते तर बरं होतं! तुझ्या पोरायच्या वह्यायत मी मूर्खपणाचं उदाहरण होऊन बसले, अन् मले विचारलंही नाही तू. मी दोन रविवार फोन उचलला नाही. तिसऱ्या रविवारी तू म्हणाली, "रागावली का?" मी म्हटलं, "नाई." खोटं बोलले. आजही रागच आहे. अन् आज तो कोणावर काढू, तेही तूच सांगून जायचं होतं.

मग आनाचा निरोप आला. तुझ्यासोबत शिकवणारी, तुझ्याजवळ शेवटपर्यंत बसलेली. तिले मराठी कुठून येणार, फोन तिच्यासाठी भाषांतर करते. मी चष्मा लावून वाचलं: "आदरणीय वडिलांची बहीण, विशाखाचे निधन झाले आहे. तिने लिहून ठेवले आहे की तिला घरी जायचे आहे. विशाखा सध्या कार्यालयाच्या कपाटात निवास करीत आहे." मी हसले, विशू. पहिल्यांदा हसूच आलं, मग तोंडात पदर कोंबून बसले.

घरी जायचं आहे, असं लिहिलं तू. ज्या घरानं हाकललं त्या घरी.

पण तिथल्या दहनाच्या ऑफिसातले लोक तुझी राख आनाच्या हाती देईनात, कपाटातच ठेवून घेतली. तिथं नियम आहे म्हणे, राख घरी ठेवता येत नाही, वाटेल तिथं उधळता येत नाही, दफनभूमीतच गेली पाहिजे. परदेशी न्यायची तर तिथं कायमची जागा आहे असा शिक्क्याचा कागद आणा. ठरल्या दिवसापर्यंत कागद आला नाही तर, आनाच्या फोनच्या मराठीत, "तिला नावाशिवाय गवतामध्ये समाविष्ट केले जाईल."

मी आनाले विचारलं, तुमचा तो मोठा कायदा काय म्हणते, सगळ्यायच्या वरचा? जिनं आयुष्य त्याच्यात घातलं तिच्यासाठी त्याचं दार वाजवा. आनाचं उत्तर आलं: मोठा कायदा राखेबद्दल बोलत नाही. ते त्याला दिलेलं नाही. ते देशाचंही नाही, त्या देशातल्या एका प्रांताचं आहे. अन् देशादेशांत करार आहे तो प्रेत नेण्याबद्दल आहे, राखेबद्दल नाही.

जे लिहून नाही दिलं ते ज्याचं त्याच्यापाशी. तू तूर निसताना सांगितलं होतं. सत्तावीस देशायले वाकवणारा कायदा तुझ्या कपाटापाशी आला अन् म्हणाला, ही माझी हद्द नाही. घे. एवढं शिकली त्याचं हे.

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भला माणूस आहे, पण कागदाबाहेर त्याले दिसत नाही. म्हणाला, "राखेसाठी जागेचा दाखला? आजी, अशा दाखल्याचा नमुनाच नाई माह्यापाशी. आपल्याकडं राख कोनी विचारत नाई, कुठी नेली म्हनून."

"तिकडं विचारतात. लिहा, आमच्या समाजाच्या मसनवटीत जागा हाये."

त्यानं रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेला, अन् मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "ती जागा गायरान हाये. मसनवट म्हनून नोंद नाई तिची."

"माहा बाप तिथं जळला. आजा जळला."

"जळले असतीन. कागदावर तिथं ढोरं चरतात."

म्हणजे बघ, तुझ्या वरच्या कायद्यात तुझी राख नाही, अन् आपल्या खालच्या कागदात आपली मढी नाहीत. मी तिथंच बाकावर बसले. त्याले दया आली असावी. म्हणाला, "कोनाचं वावर असन त सांगा. तुमच्यायत अस्थी वावरात ठेवून झाड लावतात ना? सातबारा अन् मालकाची संमती आना, मी लेटरहेडवर लिहून देतो. वावर तुमच्या नावावर हाये का?"

होतं, म्हटलं. होतं.

दादापाशी गेले. तू गेल्याचं समजलं तवापासून तो जास्त बोलत नव्हता. एकदाच विचारलं होतं त्यानं, जेवता जेवता, "थंडी असन नाई व तिकडं?" त्यावरून मले वाटलं, विरघळला. म्हटलं, "दादा, वावराच्या कडेले, धुऱ्यावर हातभर जागा दे पोरीले. एक सही."

तो म्हणाला, "तिचा कायदा मोठा होता ना? त्याले सांग जागा देयाले."

"लेकरू हाये तुहं."

"मले चार मानसात विचारत होती, तिले कागद वाचून दाखवला का म्हनून. आता तिचा कागद मी काहून वाचू?"

मी म्हटलं, अन् माझा आवाज मलेच अनोळखी वाटला, "मंग माह्या हिश्श्यातलं दे."

तो हसला. "तुहा हिस्सा? सही कोनं केली होती, शेवंता?"

तू म्हणायची तसं झालं असतं, मी सही केली नसती, तर आज मी मालक असते. ग्रामसेवकाच्या टेबलावर सातबारा ठेवला असता अन् चहा न घेता कागद घेऊन आले असते. तू माझ्यासाठी भांडली ते वावर तुझ्याच कामी आलं असतं, अन् ते मी एका साडीत देऊन बसले. साडीचा रंगही आठवत नाही मले.

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. भाकर वाढायचे, ताट सरकवायचे. आनाचे निरोप येत होते, दिवस संपत येऊन राह्यले म्हणून. नवव्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "करतो सही. पन एक हाये. तुमी दोघीयनं मिळून मले गावात खाली पाहायले लावलं. ती धुऱ्यावर येनार असन, त तू या घरात राहू नको. दोघीपैकी एकच."

मी विचारलं, "कधी जाऊ?"

त्याले वाटलं होतं मी रडीन. मागच्या वेळी जसं वाकले तसं वाकीन. मग म्हणाला, "म्हातारपनी कुठी जाशीन?" मी म्हटलं, "ते माह्यापाशी. तू सही कर." त्यानं केली. त्यानं धुऱ्यावरची जागाही स्वतःच दाखवली, पाटाच्या बाजूची, जिथं ओल टिकते. त्याच्या मनात काय आहे ते तू विचार, मले आता विचारायचं नाही. ग्रामसेवकानं लेटरहेडवर लिहिलं, शिक्का एकदा उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. आनानं तिकडं त्याचं भाषांतर करून घेतलं, अन् परवा तिचा निरोप आला, कागद मान्य झाला. सुटी मिळाली की ती स्वतः तुले घेऊन येणार आहे.

तर मी आता जऊळक्याले राहते. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत खोली आहे, वर टिनं. वाकळा शिवते, निराधारचे पैसे येतात, भागते. दुपारी टिनं तापतात अन् गुडघे दुखतात, पण फोन वाजला की मले "ठेवते" म्हणायचं काम नाही. घरमालकीण रोज विचारते, "कोन येनार हाये व आजी, एवढी झाडझूड करता?" मी सांगितलं, भाची येणार आहे. ती म्हणाली, "कितीक दिवस राहनार?" मी म्हटलं, बघू.

तुले मी खरं सांगते. धुऱ्यावर तुले न्यायची मले घाई नाही. ऑटो करून नेऊ, झाड लावू, सगळं रीतीनं करू. पण आधी माझ्या खोलीत ये. तुझ्याशी भांडण बाकी आहे माझं. त्या वह्यायतलं माझं उदाहरण अर्धंच आहे, पुढचं तुले सांगायचं आहे, म्हणजे त्या पोरायलेही कोणी सांगेल. अन् ऐकून घेतल्याबिगर तुले हाकललं, त्याची माफी फोटोपुढं मागायची नाही मले. तू समोर पाहिजे, डब्यात का होईना.

गाडी इथं लय थांबत नाही. आनाले म्हण, सामान घेऊन आधीच दारापाशी उभी राह्य, मी फलाटावर असीन. ऊन तापायच्या आधी ये. आता कोणाले विचारायचं नाही. लवकर ये व माय.